लॉस खाली गेला पण लेन्स बनेना: एका १६ मिमी लेन्सचं प्रकरण

लेन्स हवी होती मशीन व्हिजनच्या कॅमेऱ्यासाठी, म्हणजे पट्ट्यावरून सरकणाऱ्या वस्तूंचे फोटो काढून त्यातले दोष शोधणारा जो कॅमेरा असतो त्याच्यासाठी. फोकल लेंथ १६ मिमी, एफ/२.८ (फोकल लेंथ भागिले प्रकाशाच्या छिद्राचा व्यास), सेन्सर २/३ इंची म्हणजे कर्ण ११ मिमी, पिक्सेल ३.४५ मायक्रॉनचा. कॅमेऱ्याला जोडायचा माउंट सी, त्यामुळे माउंटच्या कडेपासून सेन्सरपर्यंत १७.५२६ मिमी हे ठरलेलं, त्यात हात घालता येत नाही. काचा जास्तीत जास्त सहा, सगळे सरफेस गोलीय, काचा कॅटलॉगमधल्याच. आणि मुख्य अट अशी की कोपऱ्यातसुद्धा १०० रेषाजोड्या प्रति मिमीला एमटीएफ, म्हणजे इतक्या बारीक काळ्या-पांढऱ्या रेषांचा कॉन्ट्रास्ट चित्रात किती उरतो ते, ४० टक्क्यांच्या वर पाहिजे, डिस्टॉर्शन म्हणजे चित्राचा आकार वेडावाकडा होणं अर्ध्या टक्क्याच्या आत, आणि हे सगळं बनून हातात आलेल्या लेन्समध्ये मोजून दाखवायचं, नुसतं स्क्रीनवर नाही.

४० टक्के ऐकून कमी वाटेल, पण एफ/२.८ ला ५५० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात अगदी निर्दोष लेन्स असली तरी डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे छिद्रातून जाताना प्रकाश पसरतोच त्यामुळे, १०० ला जेमतेम ८० टक्केच मिळतात. त्यातले अर्धे आपण डिझाइनमधल्या उणिवा आणि बनवताना होणाऱ्या चुका या दोघांत मिळून खर्च करू शकतो, बस.

आता या कामात मशीन लर्निंग कशाला आणलं ते सांगतो. लेन्स डिझाइनमध्ये ऑप्टिमायझेशन काही नवीन नाही. १८४० मध्ये पेट्झवालने पोर्ट्रेट लेन्स काढली तेव्हा ऑस्ट्रियन तोफखान्यातले हिशोबात तरबेज सैनिक त्याला आकडेमोडीला दिले होते, म्हणजे तेव्हाही प्रश्न आकडेमोडीचाच होता. १८९३ मध्ये डेनिस टेलरने तीन काचांची कुक ट्रिपलेट केली, तिच्यात सहा वक्रता आणि दोन हवेच्या फटी अशी आठ मोकळी संख्या, आणि समोर पाच साइडेल दोष (चित्र बिघडवणारे लेन्सचे मूळ दोष), दोन रंगाचे दोष आणि एक फोकल लेंथ असे आठच हिशोब, म्हणजे जेवढं मागायचं होतं तेवढंच हातात होतं. आपल्या सहा काचांच्या लेन्समध्ये एक जोडी चिकटवलेली धरली तर ११ सरफेस, ६ जाड्या, स्टॉप (प्रकाशाला मर्यादा घालणारं छिद्र) धरून ५ फटी आणि प्रत्येक काचेचा अपवर्तनांक आणि अ‍ॅबे नंबर (काचेत रंग किती कमी पसरतात ते सांगणारा आकडा) असे १२, मिळून ३४ संख्या होतात. इतक्या सगळ्या एकदम हलवायला १९४४ मध्ये लेव्हेनबर्गने मांडलेली आणि १९६३ मध्ये मार्क्वार्टने पुढे नेलेली डॅम्प्ड लीस्ट स्क्वेअर्स पद्धत आजही जवळजवळ प्रत्येक लेन्स सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ती फार चांगली पद्धत आहे, फक्त तिचा स्वभाव पाण्यासारखा आहे, उतार मिळेल तिकडे जाते आणि पहिला खड्डा लागला की साचून बसते. त्यामुळे सुरुवात कुठून केली यावर निम्मं नशीब ठरतं. अनुभवी डिझायनर जुनं पेटंट काढतो, फोकल लेंथप्रमाणे लहानमोठं करतो आणि तिथून निघतो. आम्हीही आधी तेच केलं, तीन-चार डबल गाउस प्रकारची (स्टॉपच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारख्या काचा असलेली) डिझाइनं घेऊन बघितली, पण माउंटमुळे मागे जेवढी मोकळी जागा लागत होती तेवढी ती देत नव्हती, आणि ती जागा ओढून काढली की कोपरे बिघडायचे.

म्हणून ठरवलं की सुरुवातीची डिझाइनं न्यूरल नेटवर्ककडून काढून घ्यायची. ही कल्पना आमची नाही. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाच्या कोते, लालोंद आणि तिबो यांनी २०२१ मध्ये हेच नीट करून दाखवलंय. नेटवर्कला विचारायचं की अमुक फील्ड, अमुक एफ नंबर, काचा आणि हवा या क्रमाने, आणि ते वक्रता, जाड्या आणि काचा सांगणार. त्यातला खरा मुद्दा मला फार आवडतो तो असा की चांगल्या लेन्सचे नमुने जगात थोडेच आहेत, मांजरांच्या फोटोंसारखे लाखो नाहीत, मग नेटवर्क शिकणार कशावरून? तर उत्तरं देण्याऐवजी त्याला थेट भौतिकशास्त्रच द्यायचं. नेटवर्कने सांगितलेल्या लेन्समधून किरण सोडायचे, सेन्सरवर ठिपका किती पसरला ते मोजायचं (हाच लॉस, म्हणजे नेटवर्कने कमी करायचा आकडा), आणि ते किरण सोडणारं प्रोग्रॅमिंग असं लिहायचं की ठिपक्यापासून उलट मागे वक्रतेपर्यंत ग्रेडियंट, म्हणजे कुठली संख्या कुणीकडे हलवली तर ठिपका लहान होईल ते, जाईल. स्नेलच्या नियमात शेवटी वर्गमूळ, भागाकार आणि गुणाकारच आहेत, पायटॉर्च या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरला त्याचं डेरिव्हेटिव्ह काढायला काही अडचण नाही. शिवाय सगळं फोकल लेंथ १ धरून करायचं, कारण लेन्स दुप्पट केली की तिचे भौमितिक ठिपकेही बरोबर दुप्पट होतात, मग एकच नेटवर्क कुठल्याही मापाला चालतं. शेवटची वक्रता नेटवर्कला विचारायचीच नाही, फोकल लेंथ बरोबर १ येईल अशी ती गणितानेच काढायची.

कागदावर हे इतकं स्वच्छ दिसतं की मला वाटलं आठवड्यात होईल, आणि पहिला आठवडा नुसता नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे गणित फसल्यावर उत्तराच्या जागी येतं ते) बघण्यात गेला.

नॅन कुठून येतं ते सांगण्यासारखं आहे कारण जो हे करेल त्याला हे लागणारच. किरण सरफेसला चुकला की छेदबिंदूच्या समीकरणात वर्गमूळाखाली ऋण संख्या येते, आणि किरण काचेतून बाहेर पडताना पूर्ण आंतरिक परावर्तन झालं की स्नेलच्या वर्गमूळाखाली ऋण येते. आम्ही म्हटलं ठीक आहे, असे किरण वेगळे काढू, अट लावून त्यांच्या जागी शून्य घालू. तरी नॅन येतच होतं. कारण अट लावली तरी मागे जाताना दोन्ही वाटांचं डेरिव्हेटिव्ह काढलं जातं, न निवडलेल्या वाटेवरचं नॅन किंवा अनंत गुणिले शून्य म्हणजे परत नॅनच, आणि एका किरणाचं नॅन अख्ख्या नेटवर्कचे वेट्स, म्हणजे शिकलेले आकडे, खाऊन टाकतं. उपाय असा की वर्गमूळाच्या आधीच आतली संख्या एका छोट्या धन आकड्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, आणि ती किती खाली जात होती तेवढा वेगळा दंड लॉसमध्ये घालायचा. दुसरी मदत झाली ती हळूहळू वाढवण्याची, आधी एफ/८ आणि छोटं फील्ड, ते जमलं की एफ/५.६, मग ४, मग २.८. सौदी अरेबियातल्या काउस्ट विद्यापीठातल्या यांग, फू आणि हायड्रिख यांनी २०२४ च्या कामात हीच चढत्या अभ्यासक्रमाची पद्धत वापरून अगदी सपाट सुरुवातीपासून लेन्स उभी केली आहे. एकदम एफ/२.८ वरून सुरू केलं तर बहुतेक किरण वाटेतच मरतात आणि शिकायला काही उरत नाही.

नॅन गेलं, लॉस खाली यायला लागला, आणि मग सुरू झाल्या पळवाटा. याला मी चूक म्हणत नाही, नेटवर्कला जेवढं सांगितलं तेवढंच त्याने केलं, पण प्रत्येक पळवाट बघताना आपण किती गोष्टी न बोलता गृहीत धरतो ते कळत जातं. पहिली म्हणजे हरवलेले किरण. ठिपक्याची सरासरी आम्ही फक्त पोचलेल्या किरणांवर काढत होतो, तर नेटवर्क शिकलं की कडेचे अवघड किरण सेन्सरपर्यंत पोचूच द्यायचे नाहीत, उरलेल्यांचा ठिपका मस्त बारीक. दुसरी जास्त चलाख, ठिपक्याचा पसारा आम्ही त्याच्या स्वतःच्या मध्यापासून मोजत होतो, म्हणजे ठिपका बारीक आहे ना एवढंच बघत होतो, तो योग्य जागी पडलाय का ते नाही. १९ अंशाच्या किरणाने १६ मिमीच्या लेन्समध्ये मध्यापासून ५.५ मिमीवर पडायला पाहिजे, आमच्या त्या डिझाइनमध्ये तो ५.१७ वर पडत होता, म्हणजे ६ टक्के बॅरल डिस्टॉर्शन, कोपरे आत ओढून घेतले की ठिपकेही आपोआप आकसतात. तिसरी जाडीची, मध्यावरची जाडी धन ठेवली होती पण कडेची विसरलो, म्हणून फुगीर काचेच्या दोन बाजू कडेला एकमेकींतून आरपार. ही तिन्ही लॉसमध्ये घातली, एकेक ओळीचं काम होतं.

काचेचा प्रश्न मात्र एका ओळीत सुटला नाही. नेटवर्क अपवर्तनांक आणि अ‍ॅबे नंबर हे मोकळे आकडे म्हणून देतं आणि खऱ्या काचा म्हणजे त्या नकाशावरचे सुटे ठिपके. एन-बीके७ म्हणजे १.५१६८ आणि ६४.१७, एन-एसएफ११ म्हणजे १.७८४७ आणि २५.६८. मध्ये मोकळ्या जागा आहेत, आणि नकाशाचा वरचा डावा कोपरा, म्हणजे अपवर्तनांक भरपूर आणि रंग पसरणं कमी, तो तर रिकामाच आहे कारण तशी काच वितळवून कुणाला बनवताच आलेली नाही. नेटवर्क बरोबर तिथेच धावत गेलं, १.८५ आणि ५५. अर्थात मलाही तशी काच मिळाली तर मी तीच घेईन. आधी आम्ही शेवटी सगळ्यात जवळची खरी काच घालून बघितलं, तर रंगाचं सगळं गणित कोलमडलं, निळा आणि लाल वेगवेगळ्या जागी. मग ट्रेनिंगच्या आतच काच बदलली, म्हणजे किरण सोडताना नेहमी जवळची खरी काच वापरायची आणि ग्रेडियंट मात्र मोकळ्या आकड्यांकडे जाऊ द्यायचा. लावालच्याच गटाने २०२३ मध्ये इतरांबरोबर केलेल्या कामात काचा अशाच हाताळल्या होत्या आणि आम्हाला तो मार्ग लागू पडला.

एवढं झाल्यावर एक डिझाइन आलं की मी ते बघून खरंच खुर्चीतून उठलो. पुढे ऋण मेनिस्कस (दोन्ही बाजू एकाच दिशेला वाकलेली, किरण पसरवणारी काच), म्हणजे रेट्रोफोकस पद्धतीने मागची जागा आपोआप मोकळी झालेली, जे आम्ही डबल गाउसमधून ओढून काढत होतो ते याने पहिल्याच काचेत सोडवलं. कोपऱ्यात १०० ला ६० टक्क्यांच्या वर. मी प्रिंट काढून आमच्या सरांकडे नेलं, ते हातानं किरण काढण्याच्या काळापासून लेन्स करतायत. त्यांनी आकडे बघितलेच नाहीत, आकृतीवर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "चौथ्या सरफेसवर कडेचा किरण कसा चाललाय बघ. घासत चाललाय तो. ही लेन्स बनायची नाही रे."

मी जाऊन तो एक सरफेस उघडून बघितला, आणि या सगळ्या प्रकरणात शिकण्यासारखं जे आहे ते या एका सरफेसमध्ये आहे म्हणून थोडं थांबून सांगतो. काच एन-एसएफ११, मागे हवा. या काचेचा क्रांतिक कोन ३४.०८ अंश, त्याच्यापुढे किरण बाहेर पडतच नाही. आमचा कडेचा किरण आतून ३३ अंशाने येत होता, म्हणजे स्नेलने बाहेर पडतो ७६.४ अंशाने. किरण चुकत नाही, परावर्तन होत नाही, कुठला दंड लागत नाही, सगळं नियमात. आता समजा ही काच बसवताना सरफेस ३ मिनिटं कलला, अंशाचा विसावा भाग, चांगल्या कारागिराकडूनही एवढं होतं. तर बाहेर पडणारा किरण ३ मिनिटं नाही, १६ मिनिटं फिरतो. हाच किरण आतून २० अंशाने आला असता तर बाहेर ३७.६ ने पडला असता आणि त्याच कलण्याला साडेतीन मिनिटांच्या आत फिरला असता. म्हणजे जवळजवळ पाचपट फरक, फक्त कोनामुळे. आणि सगळे किरण सारखेच फिरले असते तर चित्र नुसतं सरकलं असतं, काही बिघडलं नसतं, पण मधून जाणारे किरण थोडेच फिरतात आणि कडेचे खूप, म्हणून ठिपक्याला एका बाजूला शेपूट फुटतं, कोमा म्हणतात तो.

मग हे डिझाइन कागदावर इतकं चांगलं का होतं? सरफेसनिहाय साइडेलचे आकडे काढले तेव्हा दिसलं. चौथा सरफेस प्रचंड ऋण गोलीय दोष (साइडेल दोषांपैकी एक) तयार करत होता आणि पाचवा, पाव मिमी फटीपलीकडचा, तेवढाच प्रचंड धन, दोघांची बेरीज जवळजवळ शून्य. नेटवर्कला शून्य दिसत होतं. दोन पहिलवान एकमेकांना पूर्ण ताकदीने ढकलतायत म्हणून मधली रेष हलत नाही, तसं ते शून्य, एकाचा पाय जरा सरकला की संपलं. मॉन्टे कार्लो चालवलं, म्हणजे प्रत्येक काच थोडी सरकवून, थोडी कलवून, जाड्या थोड्या बदलून शेकडो काल्पनिक लेन्स बनवल्या, तर कोपऱ्याची ४० ची अट बहुतेकांनी मोडली. सरांनी हे पेन्सिल टेकवून अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. मला त्याचं फार वाटलं, कारण त्यांना जे डोळ्यांनी दिसलं ते लिहायला गेलं तर अगदी सोपं होतं आणि तरी आम्ही ते लॉसमध्ये लिहिलं नव्हतं.

ते लिहिलं ते असं. प्रत्येक सरफेसवर प्रत्येक किरणाचा हवेतला कोन घ्यायचा आणि ४५ अंशाच्या वर गेला की चढता दंड. त्याशिवाय प्रत्येक सरफेसच्या साइडेल आकड्यांचे वर्ग करून त्यांची बेरीज लॉसमध्ये, कारण नुसती बेरीज केली तर धन-ऋण एकमेकांना झाकतात, वर्ग केले की झाकता येत नाही. पूर्ण मॉन्टे कार्लो ट्रेनिंगच्या आत घालता येतं का तेही करून बघितलं, दर पायरीला काचा थोड्या हलवून किरण सोडायचे, चालतं ते, पण आमच्याकडे वेळ फार लागत होता आणि कोनाच्या साध्या दंडाने बहुतेक काम होत होतं, म्हणून सोडून दिलं.

दुसरा बदल आमच्या वागण्यात झाला. आतापर्यंत आम्ही नेटवर्कला एक सर्वोत्तम उत्तर मागत होतो. आता त्याच मागणीला काचांचा क्रम बदलून, स्टॉपची जागा बदलून, चिकटवलेली जोडी पुढेमागे करून २०० डिझाइनं काढून घेतली. ती सगळी नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून डॅम्प्ड लीस्ट स्क्वेअर्सने थोडी थोडी पुढे नेली, कारण शेवटचं घासणं-पुसणं ती जुनी पद्धत नेटवर्कपेक्षा कितीतरी चांगलं करते यात मला अजिबात शंका नाही. मग प्रत्येकाचं मॉन्टे कार्लो, आणि क्रम लावला तो कागदावरच्या एमटीएफवर नाही, बनल्यावर किती उरेल त्यावर. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा कागदावरची पहिली दहा डिझाइनं दुसऱ्या यादीत पार खाली गेलेली होती.

त्यातली वरची सहा सरांसमोर ठेवली, यावेळी आकड्यांशिवाय, नुसत्या आकृत्या. त्यांनी दोन बाजूला काढल्या. एकात पहिली काच कडेला इतकी पातळ होती की पॉलिश करताना टवका उडेल म्हणाले, आणि खरंच आमची कडेची किमान जाडी काचेच्या व्यासाशी बांधलेली नव्हती, सरसकट एकच आकडा होता. राहिलेल्यातलं जे निवडलं त्यात कुठलाही किरण हवेत ४२ अंशाच्या वर जात नाही, कागदावर कोपऱ्यात ५४ टक्के, म्हणजे त्या देखण्या डिझाइनपेक्षा कमी. आकृतीकडे बघितलं तर किरण प्रत्येक काचेत थोडे थोडे वळतात, एकदम कुठेच वळत नाहीत. मला आता अशाच आकृत्या सुंदर वाटायला लागल्यात.

पहिल्या लॉटच्या पाच लेन्स बनून आल्या. चार पास, चारही कोपऱ्यांत ४० च्या वर. पाचवीत एक कोपरा ३६, उघडून बघितली तर तिसऱ्या आणि चौथ्या काचेमधली स्पेसरची रिंग एका बाजूला जाड निघाली, ती बदलल्यावर तीही पास. मी तो मोजणीचा कागद सरांना दाखवला, त्यांनी पाचवीच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की ही रिंग कुणी तपासली होती, बाकीच्या चारबद्दल काहीच बोलले नाहीत, पण कागद ठेवून घेतला.

एक गोष्ट राहिली आणि तिच्यावर सध्या काम चालू आहे. फ्रेमच्या कडेला झगझगीत दिवा आला की चित्राच्या समोरच्या बाजूला एक फिकट गोल दिसतो. घोस्ट. शोधलं तर शेवटचा सरफेस सेन्सरकडे अंतर्वक्र आहे आणि त्याचं वक्रताकेंद्र सेन्सरच्या जवळपास येतं, म्हणजे सेन्सरवरून परत उडालेला प्रकाश तो सरफेस गोळा करून पुन्हा सेन्सरवरच आणून टाकतो. कोटिंग नसलेली एन-एसएफ११ सरळ पडलेल्या प्रकाशापैकी ८ टक्के परत फेकते, एन-बीके७ सुद्धा ४ च्या वर, चांगल्या कोटिंगने हे खूप खाली येतं आणि या लेन्सचंही कामापुरतं आलं, पण मुळात ती वक्रता तशी यायलाच नको होती आणि नेटवर्कला ते सांगायची सोय आमच्या लॉसमध्ये नव्हती. परावर्तन पॅरॅक्सियल, म्हणजे अक्षाजवळच्या किरणांच्या सोप्या, गणितात घालणं सोपं आहे, अपवर्तनांकाचं चिन्ह उलटं करून तोच किरण मागे चालवायचा, आणि डेरिव्हेटिव्हही निघतं. ११ सरफेसच्या दोन-दोनच्या जोड्या ५५, सेन्सर आणि प्रत्येक सरफेस अशा आणखी ११, मिळून ६६ वाटा, आणि प्रत्येक वाटेवरचा प्रकाश सेन्सरपासून किती लांब फोकस होतो तेवढंच बघायचं आहे. ५५ चं लिहून झालंय, सेन्सरच्या ११ वाटा राहिल्यात.